दौंडच्या यार्डातली जात

आये, तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच एवढी निर्धास्त लिहायला बसले आहे. समोर असतीस तर दुसऱ्याच वाक्याला मला तोडून म्हणाली असतीस, "रडगाणं नगं, काय झालंय ते सांग." झालंय एवढंच, की मागच्या आठवड्यात आमच्या वस्तीवर एक पाहुणा आला, चारचाकीतून. मागच्या सीटवर कबरा कुत्रा, गळ्यात रुंद पट्टा, अंगाला शाम्पूचा वास. ह्यांच्या ओळखीतला माणूस, म्हणून मी चहा ठेवला. तर तो मलाच सांगायला लागला, की ही अस्सल धनगरी जात, पूर्वी राजेरजवाड्यांच्या शिकारखान्यात असायची, तिथून धनगरांकडं आली, आणि आता सगळीकडून हिला मागणी आहे. मी म्हणाले, "असं का." आणि आत जाऊन त्याच्या चहात साखर दोनदा घातली. त्या कुत्र्याचा डावा कान मी बघितला होता. मुळातच दुमडलेला, टोकाला पांढरा. तो कान आपल्या मेंढरांमागच्या कुत्र्यांचा आहे, आये. शिकारखाना कसला आलाय. दौंडच्या रेल्वे यार्डातला कान तो.

ती गोष्ट तूच सांगायचीस, आणि दर वेळी आबा कुरकुरायचे. तू नवी नवरी होतीस, मेंढरं घेऊन तुम्ही दोघं दौंडवरून भीमेकडं निघाला होता, आणि मालधक्क्याच्या कडेला, उभ्या डब्याखाली, एक कबरी कुत्री पडली होती. पोट पाठीला लागलेलं, अंगभर कोळशाची काजळी. "गावकुत्रं हाय ते," आबा म्हणाले, "लांडगा दिसला तर मेंढरांच्या आधी तेच पळंल." तू कमरेच्या फडक्यातली अर्धी भाकर काढून हातावर धरलीस. ती सरपटत आली, हातावरची भाकर खाल्ली, हाताचा वास घेतला आणि मागं चालू लागली. त्याच वर्षी आबांच्या कुत्र्यापासून तिला पिल्लं झाली, मग त्या पिल्लांना पिल्लं. मी कळती झाले तोवर तिच्या नाती-पणत्या आपल्या मेंढरांमागं होत्या आणि त्यातल्या सगळ्या कबऱ्यांना आपण कबरीच म्हणायचो. एक गेली की दुसरी कबरी. नाव ठेवायचा एवढा कंटाळा मी दुसऱ्या कुठल्या घरात बघितला नाही.

जात कशी घडते ते मी तुझ्याकडून शिकले आणि ते शिकणं काही गोड नव्हतं. पिल्लाचे डोळे उघडायच्या आत तू त्याला व्यालेल्या मेंढीच्या कुशीत ठेवायचीस, तिच्या सडाला लावायचीस. कोकरांच्या अंगावर झोपायचं, कोकरांबरोबर उठायचं. मेंढरांपेक्षा वेगळा वास त्याला ठाऊकच होता कामा नये. दात आले की परीक्षा सुरू. एखादं पिल्लू खेळता खेळता कोकराचा कान धरायचं आणि सोडायचं नाही, ते गेलं. एखाद्याच्या तोंडातली भाकर तू काढून घ्यायचीस आणि ते गुरकावायचं, तेही गेलं. गेलं म्हणजे मुक्काम हलताना मागं राहिलं. खुटबावच्या माळावर असंच एक गुबगुबीत पिल्लू तू मागं टाकलंस. ते आपल्या मागं पळत येतंय, इवले पाय ढेकळांत अडकतायत, पुन्हा उठतंय, आणि मी घोड्यावरच्या बिऱ्हाडात कोंबड्यांच्या पाटीशेजारी बसून रडते आहे. तू मागं वळून बघितलंसुद्धा नाहीस. म्हणालीस, "रडायचं आसंल तर मेंढरांमागं येऊ नगं. जे खाऊ घालणाऱ्या हातावर गुरकावतं, ते उद्या लेकराला धरंल." मला तेव्हा तुझा राग यायचा. खोटं कशाला बोलू, अजूनही येतो.

मागणी सुरू झाली ती त्या उन्हाळ्यात. नव्वदीची मधली वर्षं असतील. नदीकाठाला ऊस वाढत गेला तसा बिबट्या उसात राहायला आला होता, पण अजून लोकांना ती नवलाईच होती. आपण भीमेच्या पल्याड, शिरूर तालुक्यात, एका बागायतदाराच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती. ऊन उतरलेलं, पण लख्ख उजेड. तू चुलीपाशी, मी मेंढरांभोवती जाळीची वाघर बांधायला आबांच्या हाताखाली. उसातून बिबट्या निघाला तो सरळ वाघरीकडं. मला आधी वासरूच वाटलं. कबरी त्याच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिली, भुंकली नाही, नुसती उभी. तो तिच्यावर दबा धरतोय तोवर तिच्या भावानं मागून येऊन त्याची मांडी धरली. तो मागं फिरला की कबरी पुढून धरायची, पुढं फिरला की भाऊ मागून. शेवटी तो जसा आला तसा उसात गेला. कबरीच्या खांद्यावरचं कातडं लोंबत होतं. तू तिच्या जखमेत हळद भरत होतीस आणि तोंडानं तिला शिव्या देत होतीस. हे सगळं रानमालकानं बांधावर उभं राहून बघितलं होतं. पुढच्या बाजारापर्यंत एका बिबट्याचे दोन झाले आणि त्यातला एक कुत्र्यांनी फाडला असंही झालं.

मग लोक मोटारसायकलीवरून तुझा मुक्काम हुडकत यायला लागले. कासुर्डीच्या माळावर, केडगावच्या शिवारात, जिथं असू तिथं. तू कुत्रं कधी विकलं नाहीस. मागणाऱ्यानं स्वतःच्या चुलीवरची भाकर घेऊन यायचं, पिल्लानं ती त्याच्या हातून खाल्ली की ते त्याचं, ही आपल्या घरातली रीत. आणि दुसरी रीत, एकटं द्यायचं नाही, जोडीनं द्यायचं. ती तू प्रत्येकाला बजावून सांगायचीस. "एक म्होरं हुबं ऱ्हातं, दुसरं मागनं धरतं. एकटं कुत्रं म्हंजी बिबट्याचं जेवाण. आन् बांधायचं न्हाई." लोक व्हय मावशी, व्हय मावशी म्हणायचे. पोत्यात दोन पिल्लं घालून न्यायचे आणि नदीचा पूल ओलांडायच्या आत वाटणी करायचे, एक मेव्हण्याला, एक आपल्याला. तुला हे कळत होतं का गं? मला वाटतं कळत होतं थोडंफार, पण तुला त्या कौतुकाची गोडी लागली होती. आयुष्यात पहिल्यांदा पांढऱ्या कपड्यातली माणसं तुझ्यापुढं पाय दुमडून बसत होती. मी तुला दोष देत नाही. मीसुद्धा मिरवत होतेच की.

माझं लग्न शिरूर तालुक्यात झालं, उसाच्या पट्ट्यात. सासरची माणसं आपल्यातलीच, पण मेंढरं कधीच काढून टाकलेली. स्लॅबचं घर, दारात ट्रॅक्टर, आणि ऊस एवढा जवळ की अंगणातून हात लांबवला तर पात लागावी. तू पाठवणीच्या वेळी मला साडीचोळीबरोबर एक जोडी दिलीस, बहीणभाऊ, दोघेही कबरे. सासऱ्यांनी घरून भाकर आणली होती रीतीप्रमाणं. पिल्लांनी त्यांच्या हातून खाल्ली. तू जोडीचं आणि न बांधायचं बोलायला लागलीस तेव्हा ते हसून म्हणाले, "इहिणबाई, मेंढरं आमच्या बानंबी राखल्यात. आमास्नी का शिकिवता?" आणि वर्ष व्हायच्या आत धाकट्या दिरानं त्यातली कुत्री कंपनीतल्या त्याच्या साहेबाच्या बंगल्यावर नेऊन दिली. "सायबाला वरिजनल पायजे हुतं," म्हणाला. मी त्या दिवशी जेवले नाही, तर सासूबाई शेजारणीला ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "कुत्र्यावरनं रुसलीय आमची सून." उरलेल्या कुत्र्याला साखळीला बांधलं त्याचं कारण ऐकलं असतंस तर तू हसली असतीस. आमच्याकडं मेंढरं नव्हती, मग तो सकाळी उठून शेजाऱ्याच्या शेरडांमध्ये जाऊन बसायचा आणि दिवसभर ती राखायचा. "खायाला आमचं आन् राखायला त्येंचं," सासूबाईंना ते सोसेना. सासऱ्यांनी एका हातात भाकर धरली आणि दुसऱ्या हातानं पट्टा अडकवला. तो शेपूट हलवत उभा होता.

चैत्रात, पाडवा होऊन गेला होता, मी सकाळी शेणघाण काढायला गोठ्याकडं गेले. मेख वाकलेली, साखळी ताणून सरळ झालेली. साखळीच्या टोकाला पट्टा होता आणि पट्ट्यात डोकं होतं. त्याच्या मागं काही नव्हतं. मातीत उसापर्यंत ओढत नेल्याची रेघ. तो एकदाच भुंकला होता, सगळ्यांनी ऐकलं होतं, मग गप्प झाला म्हणून आम्ही कूस बदलून झोपलो. आता मला वाटतं, तो म्होरं उभा राहिला असणार, शिकवल्यासारखा, आणि मागून कुणीतरी धरायची वाट बघत राहिला असणार. त्या साली आजूबाजूच्या कितीतरी वस्त्यांवर असंच झालं. गंमत बघ, कुत्री जितकी जात होती तितकी मागणी वाढत होती. एक गेलं की लोक दुसरं आणायला तुझ्याकडं, पुन्हा हातात भाकर घेऊन.

माझ्याकडचा निरोप मिळाल्यावर तू एसटीनं आलीस, फाट्यापासून चालत. चहाला नको म्हणालीस आणि आधी गोठ्याकडं गेलीस. मेख बघितलीस, साखळी हातात घेऊन बघितलीस. मला वाटलं मेलेल्याचं विचारशील. तू विचारलंस, "दुसरं कुठंय?" सासरे आभाळाकडं बघायला लागले, दीर घरात गेला. दिवेलागणीला अंगणात बसली होतीस आणि सवयीनं, कुणासाठी ते तुलाही कळलं नसेल, तू हाक मारलीस. जिभेनं टाळूवर तो आवाज काढायचीस आणि मागून लांब यो यो, मेंढरं वाघरीत घेताना कुत्र्यांना बोलवायची ती हाक. आधी पलीकडच्या वस्तीवर साखळी वाजली. मग कालव्याच्या बाजूला. मग लांब, उसाच्याही पुढं. तूच वाढवलेली पिल्लं होती ती सगळी, चार-चार महिने तुझ्या हाकेवर वाढलेली. भुंकत नव्हती. बारीक कण्हत होती आणि साखळ्यांना हिसके देत होती. तू पदर तोंडावर दाबून बसलीस, आणि आत स्वयंपाकघरात मी पोळपाटावर तसाच हात ठेवून उभी. ते आवाज बराच वेळ थांबले नाहीत.

सकाळी मला न सांगता तू निघालीस. मी मागोमाग आले तोवर तुझ्या दोन वस्त्या करून झाल्या होत्या. घरच्या बाईशी चार शब्द बोलायचीस, पाणी प्यायचीस आणि जाता जाता साखळी सोडायचीस. कालव्याच्या रस्त्यानं तू पुढं आणि मागं कबरी कुत्री, माना खाली घालून, एकही इकडंतिकडं होत नव्हतं. त्या मिरवणुकीत मला क्षणभर लहानपण परत आल्यासारखं झालं. मग मोटारसायकली आल्या. ज्यांनी तुझ्यापुढं पाय दुमडले होते, त्यातलाच एक ओरडला, "ए म्हातारे, कुत्री चोरती व्हय?" तू म्हणालीस, "चोरीन कशाला? माझीच हायती." "तुझी? तूच दिलीस न्हवं? भाकर कुणाची खाल्ली त्येंनी?" रीत तुझीच होती. सासरे आले, सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाले, "इहिणबाईंचं डोस्कं ठिकाणावर न्हाई, सोडून द्या." ज्यानं त्यानं भाकर दाखवली आणि ज्याचं त्याचं कुत्रं त्याच्याकडं गेलं. मान पुढं केली, पट्टा अडकवून घेतला. तू रस्त्याच्या मधोमध उभी राहून बघत होतीस. "येकानं तरी गुरकायचं," एवढंच म्हणालीस.

फाट्यावर एसटीची वाट बघताना तू जे बोललीस ते मी कुणाला सांगितलेलं नाही. "माझीच चूक हाय," तू म्हणालीस. "हातावर गुरकावणारं येक येक मागं टाकत आले म्या. ऱ्हायली ती आशी, की कुणीबी यावं, भाकर दावावी आन् बांधून घालावं. बिबट्यानं न्हाई मारली ती, म्या मारली." मी म्हणाले, असं काय बोलतेस, तू तर सांगत होतीस बांधू नका म्हणून. तू ऐकत नव्हतीस. गाडी आली तेव्हा माझ्या डोक्यावर हात ठेवायलासुद्धा विसरलीस.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. शेवटची कबरी बाळंतपणात गेली आणि पिल्लं मेंढीच्या दुधावर जगली, तेव्हा मी माहेरी आले होते. दादानं मेंढरं काढायची ठरवली होती. पिल्लं कुणाकुणाला कबूल करून बसला होता, आणि माणसं भाकरी बांधून दुसऱ्या दिवशी येणार होती. तू पाटीत घोंगड्याचा तुकडा घातलास, त्यात पिल्लं ठेवलीस आणि मला म्हणालीस, "चल." केडगावहून आपण गाडीत बसलो. बायका पाटीत काय आहे म्हणून विचारत होत्या, तू "कोंबड्या" म्हणत होतीस. दौंडला उतरून आपण मालधक्क्याच्या कडेनं लांब चालत गेलो, जिथं पडीक डबे उभे होते. भाकर तू हातावर धरली नाहीस. मातीवर चुरून टाकलीस आणि लांब सरकलीस. पिल्लांनी खाल्लं आणि तोंडं चाटत तुझ्या पायाशी आली, दुमडलेले कान, शेपट्या हलतायत. तू वाकून रुळांतला दगड उचललास. उभ्या जन्मात तुझा हात कुत्र्यावर उठलेला मी बघितला नव्हता. पहिला दगड तू मुद्दाम चुकवलास. दुसरा चुकवला नाहीस. पिल्लू केकाटलं, मागं पळालं आणि थोड्या वेळानं परत आलं, त्याला वाटलं काहीतरी चुकलं असेल. पुन्हा दगड. मी तुझा हात धरायला गेले तर मला ढकललंस. "मागं व्हय. शिकू दे त्यास्नी." शेवटी ती डब्याखाली जाऊन बसली आणि तिथूनच बघत राहिली. तू पुढं झालीस की अंग चोरून आत सरकायची. "शिकली," तू म्हणालीस. "जगायची ती जगतील. पर जी जगतील ती कुणाच्या हाताला येयाची न्हाईत." परतीच्या गाडीत तू खिडकीला टेकून बसली होतीस आणि हात पदराखाली घेतले होतेस. केडगाव आलं तरी बाहेर काढले नाहीस.

दारात आलेली माणसं रिकामी गेली, दादा महिनाभर तुझ्याशी बोलला नाही, आणि पुढच्या सुगीच्या आत तू तापानं गेलीस. मेंढरं गेली. वाघर किती दिवस गोठ्याच्या आढ्याला टांगलेली होती, मग उंदरांनी खाल्ली. आधी वाटलेल्या कुत्र्यांतली काही बिबट्याच्या तोंडातून सुटून बंगल्यांत, फार्महाऊसवर पोचली असणार, त्यांची ही आत्ताची शाम्पूवाली मंडळी. जाताना त्या पाहुण्यानं कुत्र्याच्या डोक्यावर टपली मारली आणि कौतुकानं म्हणाला, "बघा वहिनी, कितीबी मारा, उलटून गुरकावत नाही. जातच तशी." मी मान हलवली.

इथं थांबणार होते. पण तुझ्याशी खोटं बोलून काय मिळायचंय, तू तर कधीच धरलं असतंस. यंदा संक्रांतीनंतर लेकीकडं सोलापूरला जायला मी दौंडला गाडी बदलली. गाडीला अवकाश होता म्हणून फलाटाच्या टोकाशी जाऊन उभी राहिले. रुळांच्या कडेला एक कबरी कुत्री होती, हाडकी, डावा कान दुमडलेला, टोकाला पांढरा. मला बघून लांब सरकली आणि तिथून बघत राहिली. तुला किती बरं वाटलं असतं. मी जिभेनं तो आवाज काढला, लोकांना ऐकू जाणार नाही इतका हळू. ती आली नाही. तेवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण मी चांगल्या लुगड्यानिशी खाली बसले, डब्यातली भाकर काढली आणि हातावर धरली. ती किती वेळ यावं की नको करत होती. मग तिरकी तिरकी होत आली, भाकर घेतली, माझ्या हाताचा वास घेतला आणि गाडी येईपर्यंत माझ्या पायाशी बसून राहिली. गाडी हलली तशी डब्याच्या बाजूनं पळत आली, फलाट संपेपर्यंत. दगड तिथं हवे तेवढे होते, आये. मी एकही उचलला नाही.